'टेनिस एल्बो' : नाव, निदान आणि उपचार ह्यांचा इतिहास (१८७३–२०२२)

ज्या दुखण्याने माणूस दगावत नाही, त्या दुखण्याचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. देवी, पटकी, प्लेग ह्यांच्या साथींनी गावेच्या गावे ओस पडली, म्हणून त्यांच्या नोंदी सरकारी दफ्तरांत सापडतात. पाण्याने भरलेला तांब्या उचलताना कोपरात उठणाऱ्या कळेची दखल घेण्याचे कारण कोणत्याही दफ्तराला पडले नाही. तथापि वैद्यक आपले निर्णय कोणत्या आधारावर घेते, हे पाहावयाचे असेल, तर अशी किरकोळ पण चिवट दुखणी अभ्यासकाला अधिक उपयोगी पडतात. साथीच्या रोगात उपचार फसला की तो लगेच उघड होतो. जे दुखणे बहुधा कालांतराने ओसरते, त्यात मात्र कोणताही उपचार यशस्वी झाल्यासारखा दिसू शकतो. 'टेनिस एल्बो' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास हा ह्याच भ्रमाचा आणि त्याच्या निरासाचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम विकाराचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कोपराच्या बाहेरील अंगास, दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक उंचवटा असतो. मनगट मागे उचलणारे व बोटे सरळ करणारे बरेचसे स्नायू एका समाईक कंडरेने ह्या उंचवट्याला जोडलेले असतात. काही वस्तू घट्ट धरावयाची झाली की मनगट स्थिर ठेवण्याचे काम ह्याच स्नायूंना करावे लागते. म्हणून कपडे पिळताना, स्क्रू आवळताना, करवत चालविताना, किंबहुना कोणाशी हस्तांदोलन करतानाही कळ नेमकी ह्या ठिकाणी येते. ह्या स्नायूंपैकी मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस जाणाऱ्या एका आखूड स्नायूची कंडरा बहुतेक वेळा दोषी ठरते. विकार प्रायः पस्तीस ते पंचावन्न ह्या वयात, आणि नेहमीच्या वापरातील हाताला होतो. फिनलंडमध्ये ४,७८३ व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निश्चित निदान झालेल्यांचे प्रमाण शेकडा १·३ आढळले. ह्यांतील बहुसंख्य लोक टेनिस खेळणारे नसतात, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

नावाचा उगम

ह्या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन १८७३ साली जर्मन वैद्य रुंगे ह्यांनी केले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांच्यापुढील प्रश्न खेळाचा नव्हता. तो लेखणी धरताना हात आखडणाऱ्यांचा होता. मेजर वॉल्टर विंगफील्ड ह्यांनी लॉन टेनिसचे एकस्व इंग्लंडात मिळविले ते १८७४ साली, आणि विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली ती १८७७ साली. म्हणजे हा विकार ग्रंथित झाला तेव्हा ज्या खेळाचे नाव त्याला पुढे चिकटले, तो खेळ त्या स्वरूपात बाजारात आलेलाही नव्हता.

पुढील दहा वर्षांत मात्र चित्र पालटले. लॉन टेनिस हा इंग्लंडातील सुखवस्तू वर्गाचा आवडता खेळ बनला. १८८२ साली मॉरिस ह्यांनी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात 'लॉन टेनिस आर्म' असा उल्लेख केला, आणि १८८३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मेजर आडनावाच्या वैद्यांच्या टिपणात 'लॉन टेनिस एल्बो' हे नाव आले. हेच नाव पुढे आटोपशीर होऊन जगभर पसरले. लेखणी चालविणारे कारकून, सुतार, धुणे पिळणाऱ्या स्त्रिया ह्या सर्वांना हे दुखणे होत असताना त्याला नाव मिळाले ते खेळाडूंवरून. ज्यांच्यापाशी वैद्याकडे जाण्यास सवड व पैसा होता, त्यांच्या दुखण्याची नोंद आधी झाली, एवढाच ह्याचा अर्थ.

आपल्या प्राचीन वैद्यकात हा विकार सापडतो काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होईल. सुश्रुतसंहितेत 'कूर्पर' म्हणजे कोपर हे मर्मस्थानांत गणले आहे, आणि 'विश्वाची' ह्या नावाने बाहूच्या कंडरांचा एक वातविकार वर्णिला आहे. परंतु तेथे भर आहे तो बाहूचे कार्यच नष्ट होण्यावर. प्रस्तुत विकारात एका ठिकाणी बोट ठेवून दाखविता येईल अशी वेदना असते. केवळ कोपर व कंडरा ह्या शब्दांच्या आधारावर दोहोंचे समीकरण मांडणे युक्त होणार नाही.

हात, चाकू आणि अनेक कारणे

नाव ठरले तरी कारण ठरले नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामावली वाढत गेली. १९२२ साली अमेरिकन शल्यविशारद ऑस्गुड ह्यांनी ह्या विषयावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच तीन-चार पर्यायी नावे एकत्र आली होती: कोणी त्यास सांध्यालगतच्या पिशवीचा दाह म्हणत, कोणी हाडाच्या उंचवट्याचा दाह, तर कोणी कारणाविषयी काहीच न सुचविता नुसती 'वेदना' म्हणत. प्रत्येक नावापाठीमागे शरीरातील एक वेगळी जागा होती, आणि जागा बदलली की उपचारही बदलत असे.

१९२८ साली इंग्लंडातील मिल्स ह्यांनी हाताने करावयाचा एक उपचार प्रसिद्ध केला. रुग्णाचे मनगट वाकवून, पुढचा हात आतल्या बाजूस फिरवून, कोपर एकाएकी सरळ करावयाचे, अशी ही क्रिया होती. ती त्यांच्याच नावाने आजही ओळखली जाते. साधारण ह्याच सुमारास जर्मनीत होमान ह्यांनी शस्त्रक्रियेचा मार्ग पुढे आणला. हाडाच्या उंचवट्यापासून स्नायूंचे मूळ सोडवून ओढ कमी करावयाची, हे त्यामागील तत्त्व. १९५५ साली बॉसवर्थ ह्यांनी दोष त्रिज्या-अस्थीच्या डोक्याभोवतीच्या कड्यासारख्या अस्थिबंधात शोधला आणि त्या अस्थिबंधाचा भाग काढण्याचा पुरस्कार केला. १९६१ साली गार्डन ह्यांनी कोपराला हातच न लावता, मनगटाजवळ त्या आखूड स्नायूची कंडरा लांबविण्याची युक्ती सुचविली. पुढे १९७२ साली रोल्स व मॉड्स्ली ह्यांनी बऱ्या न होणाऱ्या काही रुग्णांत मूळ दोष पुढच्या हातातील मज्जातंतूवरील दाबात असावा, असे प्रतिपादन केले. त्यांची ही सूचना निदान करताना आजही ध्यानात घ्यावी लागते. कारण मुंग्या, बधिरता किंवा बोटांची दुर्बलता असेल, तर दुखणे कोपराच्या कंडरेचे नसून मज्जातंतूचे अथवा मानेच्या मणक्यांतून आलेले असण्याचा संभव असतो.

वाचकांच्या लक्षात येईल की, हे उपचार परस्परविसंगत आहेत. एक अस्थिबंध कापतो, दुसरा मनगटाजवळची कंडरा लांबवितो, तिसरा चाकू न धरता हात झटकतो. ह्या सर्वांनाच एकाच रोगाचे खरे मूळ सापडले असणे अशक्य आहे. असे असूनही प्रत्येकाचे अहवाल समाधानकारक होते. ह्या कोड्याचा उलगडा करणारा धागा त्याच काळात उपलब्ध होता. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील जेम्स सिरिॲक्स ह्यांनी १९३६ साली आपल्या विस्तृत निबंधात ह्या विकाराची नानाविध कारणे व उपचार तपासले. दुखणे आपोआप बरे होण्याकडे कल असतो, ही गोष्टही त्यांना ठाऊक होती. परंतु त्या गोष्टीचा हिशेब उपचाराच्या यशातून वजा करावा, ही पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. रुग्ण वैद्याकडे येतो तो दुखणे टिपेला पोहोचले असताना. तेथून ते उतरणीला लागले, की उताराचे श्रेय त्या आठवड्यात जो उपचार चालू असेल त्याला मिळते.

दाहाची कल्पना व कॉर्टिसोन

ह्या गोंधळात एका नावाने इतरांवर मात केली. 'एपिकाँडिलायटिस' म्हणजे उंचवट्याचा दाह, हे नाव पाठ्यपुस्तकांत स्थिर झाले. दाह आहे असे एकदा म्हटले की दाहशामक औषध शोधणे क्रमप्राप्तच होते, आणि ते औषध शतकाच्या मध्यावर हाती आले. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले. त्याचा परिणाम इतका विलक्षण होता की, १९५० सालचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल व राइकश्टाइन ह्यांना देण्यात आले. त्यानंतर लवकरच ह्या वर्गातील औषधे थेट सांध्यात टोचण्यास प्रारंभ झाला आणि त्याच दशकात कोपराच्या दुखऱ्या जागीही सुई पोहोचली.

सुईची लोकप्रियता समजण्यासारखी आहे. ती स्वस्त, काही मिनिटांत उरकणारी, आणि बहुतेक रुग्णांना थोड्याच दिवसांत आराम देणारी होती. वैद्य समाधानी, रुग्णही समाधानी. अशा स्थितीत कोणाला शंका यावी? सुमारे अर्धे शतक हा उपचार जवळजवळ प्रमाणभूत म्हणून चालला.

तुलनेचा निवाडा

ह्या प्रमाणाला धक्का दिला तो एका साध्या प्रश्नाने: हा उपचार केलाच नसता, तर काय झाले असते? त्याचे उत्तर मिळविण्यासाठी रुग्णांची यदृच्छया विभागणी करून काहींना उपचार द्यावयाचा, काहींना द्यावयाचा नाही, आणि सर्वांना सारखाच काळ पाहावयाचे, हा मार्ग एकविसाव्या शतकाच्या आरंभी ह्या विकाराबाबत कसोशीने अवलंबिला गेला.

२००२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील प्रयोगात १८५ रुग्णांचे तीन गट पाडले होते. एका गटाला कॉर्टिसोनच्या जातीची सुई, दुसऱ्याला फिजिओथेरपी आणि तिसऱ्याला केवळ सल्ला देऊन 'थांबा व पाहा' असे सांगितले. सहा आठवड्यांनी सुईच्या गटातील शेकडा ९२, फिजिओथेरपीच्या गटातील शेकडा ४७ आणि थांबलेल्यांपैकी शेकडा ३२ रुग्णांना यश आले. येथेच प्रयोग संपला असता, तर सुईचा विजय निर्विवाद ठरला असता. परंतु संशोधकांनी वर्षभर वाट पाहिली. बावन्न आठवड्यांनी सुईच्या गटात यशाचे प्रमाण शेकडा ६९ वर उतरले होते. फिजिओथेरपीच्या गटात ते शेकडा ९१ आणि काहीही विशेष न केलेल्या गटात शेकडा ८३ होते. जे सहा आठवड्यांत सर्वांत पुढे होते, तेच वर्षअखेर सर्वांत मागे राहिले.

एका प्रयोगाने सिद्धान्त प्रस्थापित होत नाही. परंतु २००६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे १९८ जणांवर झालेल्या प्रयोगात हाच क्रम पुन्हा दिसला. सुईने प्रथम यशस्वी ठरलेल्या ६५ रुग्णांपैकी ४७ जणांचे दुखणे नंतर उलटले. २०१३ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या १६५ रुग्णांच्या प्रयोगात एक पायरी आणखी पुढे टाकण्यात आली. निम्म्या रुग्णांना खरे औषध व निम्म्यांना त्याच पद्धतीने निरुपद्रवी द्रव टोचण्यात आला. वर्षानंतर पूर्ण बरे अथवा पुष्कळ सुधारलेले रुग्ण औषधाच्या गटात शेकडा ८३, तर खोट्या सुईच्या गटात शेकडा ९६ होते. दुखणे उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ५४ व १२ होते. म्हणजे सुई वर्षअखेर केवळ निरुपयोगी नव्हे, तर काहीशी अपायकारक ठरली.

ह्याच प्रयोगातील दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्यांना खोटी सुई मिळाली होती, त्यांत चार आठवड्यांनी फिजिओथेरपी घेतलेले न घेतलेल्यांपेक्षा बरे होते. परंतु वर्षअखेर फिजिओथेरपी घेतलेल्या व न घेतलेल्या रुग्णांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. सुईला दोष देणारे मोजमाप व्यायामाच्या कैवाऱ्यांनाही सूट देत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

ऱ्हासाची कल्पना व नवे उपाय

दाहाची कल्पना ढासळण्यास आणखी एक कारण झाले होते. १९७९ साली नर्शल व पेट्रोन ह्यांनी १,२१३ रुग्णांपैकी ८२ रुग्णांच्या ८८ कोपरांवर केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. काढलेल्या ऊतकात त्यांना दाहाच्या नेहमीच्या पेशी नव्हे, तर विस्कळीत तंतू व नव्या रक्तवाहिन्यांची अव्यवस्थित वाढ आढळली. कंडरा सुजलेली नसून झिजून, अर्धवट भरून आलेली होती. जेथे दाहच प्रमुख नाही, तेथे दाहशामकाने मूळ दोष दूर होईल ही अपेक्षा निराधार होती. पुढे 'दाह' सुचविणाऱ्या प्रत्ययाऐवजी 'ऱ्हास' सुचविणारी संज्ञा तज्ज्ञांत रूढ झाली.

नव्या नावाबरोबर नवे उपाय आले. कंडरा झिजली असेल तर तिच्यावर क्रमाक्रमाने भार टाकून तिला बळकट करावे, ह्या विचाराला स्वीडनमधील आल्फ्रेडसन ह्यांच्या १९९८ सालच्या टाचेच्या कंडरेवरील प्रयोगाने चालना मिळाली, आणि तोच विचार कोपरालाही लावण्यात आला. रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट वेगळ्या काढून त्या टोचण्याची पद्धत २००६ नंतर झपाट्याने पसरली. ध्वनितरंगांचे आघात देणारी यंत्रेही आली. परंतु तुलनेच्या कसोटीस ह्यांपैकी पुष्कळ उतरले नाही. आघाती तरंगांचा लाभ नगण्य असल्याचे २००५ च्या कोक्रेन आढाव्याने, आणि रक्त वा प्लेटलेट टोचण्याने रुग्णाला जाणवेल असा फायदा होत नसल्याचे २०२१ च्या आढाव्याने सांगितले.

शस्त्रक्रियेची परीक्षा सर्वांत उशिरा झाली. नर्शल व पेट्रोन ह्यांच्या रुग्णांत सुधारणेचे प्रमाण शेकडा ९७·७ होते. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ऑस्ट्रेलियातील क्रोस्लाक व मरेल ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा महिन्यांहून अधिक काळ दुखणे असलेल्या २६ रुग्णांपैकी निम्म्यांची नर्शल पद्धतीची शस्त्रक्रिया केली, आणि उरलेल्यांची त्वचा कापून, कंडरा उघडी करून, तिला न छेडता जखम शिवली. दोन्ही गट सुधारले. खऱ्या शस्त्रक्रियेचा अधिक लाभ दिसला नाही. संख्या लहान आहे, हे खरे. तथापि चाळीस वर्षांच्या आत्मविश्वासावर प्रश्नचिन्ह उमटविण्यास ती पुरेशी आहे.

महाराष्ट्रीय वाचकांना ह्या संदर्भात सचिन तेंडुलकर ह्यांचे उदाहरण आठवेल. २००४ साली त्यांच्या कोपराच्या दुखण्याने हे इंग्रजी नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचविले. २००५ च्या मे महिन्यात लंडन येथे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा करून ते परतले, आणि डिसेंबरात दिल्ली येथे त्यांनी कसोटीतील ३५ वे शतक पूर्ण केले. शस्त्रक्रियेने ते बरे झाले, असा निष्कर्ष आपण सर्वांनी काढला. तो खरा असेलही. परंतु शस्त्रक्रियेबरोबर सक्तीची विश्रांती, पुढील व्यायाम व काही महिन्यांचा काळ हे सर्व एकत्र आले होते, आणि एकाच व्यक्तीच्या उदाहरणात ह्या घटकांची फारकत करता येत नाही.

जुनाट दुखण्याचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुखणे बहुधा वर्षाच्या आत ओसरते, हे मान्य केले तरी ज्याचे ओसरले नाही त्याने काय करावे? आजवरचा व्यवहार असा होता की, सहा महिने वा वर्ष उलटले की दुखणे 'हटवादी' समजावयाचे आणि अधिक कडक उपायांकडे वळावयाचे. ह्या समजाची तपासणी २०२२ साली एका संशोधक-गटाने केली. २४ प्रयोगांतील, उपचार न मिळालेल्या अथवा खोटा उपचार मिळालेल्या १,०८५ रुग्णांची माहिती एकत्र करता असे दिसले की, दर अडीच ते तीन महिन्यांत उरलेल्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण सुधारतात, आणि वर्षाअखेर सुमारे शेकडा ९० सुधारलेले असतात. विशेष म्हणजे दुखणे आधी किती काळ होते, ह्यावर हा वेग फारसा अवलंबून नव्हता. काळ लोटला म्हणून बरे होण्याची संधी संपली, असे मानण्यास आधार नाही.

ह्या निष्कर्षाचा अर्थ, रुग्णाला हात हलवीत परत पाठवावे, असा नव्हे. निदान नीट पारखणे, कळ उठविणारे काम काही काळ कमी करणे वा हत्याराची मूठ व धरण्याची रीत बदलणे, १९७१ साली फ्रॉइमसन ह्यांनी पुरस्कारिलेल्या पट्ट्यासारखे साधे साधन वापरून पाहणे, सोसेल तेवढा व्यायाम हळूहळू वाढविणे, आणि हे दुखणे बहुधा जाणार आहे असे स्पष्ट शब्दांत सांगणे, एवढे वैद्याच्या हातात आहे. सुई द्यावयाचीच असेल, तर सहा आठवड्यांच्या आरामाची किंमत पुढे द्यावी लागण्याचा संभव आहे, हे रुग्णाला आधी कळले पाहिजे.

परंतु येथे वैद्यकाची मर्यादा संपते व समाजाची सुरू होते. 'थांबा व पाहा' हा सल्ला ज्याला पगारी रजा आहे त्याला परवडतो. गवंडी, शिंपी, मोटार दुरुस्त करणारा कारागीर, चार घरची धुणीभांडी करणारी बाई ह्यांना हाताला विश्रांती म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे होय. त्यांनी सहा आठवड्यांचा आराम पसंत केला, तर त्यास अज्ञान म्हणता येणार नाही. वर्षअखेरीचा हिशेब त्यांना ठाऊक असला तरी शनिवारचा हिशेब आधी चुकवावा लागतो. म्हणून ह्या विकारावरील पुढील संशोधन केवळ कंडरेचे करून भागणार नाही. दुखऱ्या हाताला हलके काम देणारा मालक, बदललेली मूठ व भरपाई मिळणारी रजा हेही उपचार आहेत, आणि त्यांचीही परीक्षा चिठ्ठ्या टाकून, गट पाडून, वर्षभर मोजून झाली पाहिजे. १८८३ साली ह्या दुखण्याला खेळाचे नाव मिळाले, तेव्हा काम करणारा हात नजरेआड झाला. त्या हातावरून ह्या विकाराचा विचार करणे हे अद्याप शिल्लक राहिलेले कार्य आहे.